आधी तळटीपा बघा

कायदा आणि समाज या विषयावरची नवी पुस्तकं वाचायची म्हणून एकदम दहा मागवू नका. एकच घ्या, पण पिंजून काढा. मला विचाराल तर कॅथरिना पिस्टोर यांचं २०१९ मधलं ‘द कोड ऑफ कॅपिटल’. जमीन, कर्ज, अगदी कल्पनांनाही कायद्याचं कवच चढलं की त्यांचं भांडवल कसं होतं, हे त्या करार, तारण, न्यास, कंपनी, दिवाळखोरी अशा कायद्यांतून दाखवतात. वकील नसलात तरी कळतं, फक्त घाई करू नका.

कुठल्याही पुस्तकाची प्रस्तावना वाचली की थेट तळटीपांकडे वळा. लेखक नुसत्या निकालपत्रांवर विसंबलाय, की कोर्टात बसून, पक्षकारांशी बोलून लिहितोय, हे तिथे उघडं पडतं. बहुतेक भांडणं वरच्या कोर्टापर्यंत जातच नाहीत. त्यामुळे फक्त निकालांवरून समाजाबद्दल ठोकलेल्या विधानांकडे मी जरा संशयानेच बघतो.

तात्त्विक बाजू हवी असेल तर आधी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ (१९७१), मग अमर्त्य सेन यांचं ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९). सेन त्यांच्याशीच वाद घालतात, क्रम उलटा केलात तर निम्मी गंमत जाते. रॉल्स अख्खा नको, पहिला भाग तूर्त पुरे.

आणि मलपृष्ठावरची स्तुती सोडून द्या, तिथे बराचसा ओळखीपाळखीचाच कारभार असतो.