फारसे कोणाला ठाऊक नसलेले टेक्निकल प्रोग्रेसिव्ह मेटल (गुंतागुंतीच्या, सतत बदलत्या तालांचे हेवी मेटल) बँड कसे शोधावेत, आणि ते ऐकायला संगीताचे शास्त्र यावे लागते का?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे आहे: बँडची नावे सोडा आणि वादकांची नावे धरा.

टेक्सासमधील ऑस्टिनचा वॉचटॉवर हा बँड मला असाच सापडला. ब्लॉटेड सायन्स या बँडचा २००७ चा अल्बम मी मिळवला तो केवळ कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडचा ॲलेक्स वेबस्टर त्यात बास गिटार वाजवतो म्हणून, पण अडकलो मात्र रॉन जारझोम्बेकच्या गिटारमध्ये. हा गृहस्थ आधी कुठे होता याचा माग काढताना वॉचटॉवरचा १९८९ चा ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ हाती लागला. जारझोम्बेक येण्यापूर्वीच, १९८५ मध्ये, या मंडळींनी ‘एनर्जेटिक डिसअसेम्ब्ली’ काढला होता, म्हणजे या शैलीतल्या सुप्रसिद्ध ड्रीम थिएटर बँडच्या पहिल्या अल्बमच्या चार वर्षे आधी.

त्या दिवाळीत मी सांगलीला मामांकडे गेलो होतो. मामांचे आयुष्य तबला शिकवण्यात गेले. मी मोठ्या उत्साहाने ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ लावला, तेव्हा ते झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि बोटांवर मात्रा धरल्या. तीनदा त्यांनी सम समजून मांडीवर थाप दिली आणि तिन्ही वेळा ड्रमर रिक कोलालूका भलतीकडेच निघून गेलेला होता. “ही आकडेमोड आहे रे, गाणे नव्हे,” एवढे बोलून त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला. सगळे हसले. मामेभावाने वर जोडले की, चांगले असते तर लोकांनी ऐकले नसते का.

मला तेव्हा उत्तर सुचले नाही, ते आता देतो. त्याच अल्बमवर ‘मेडे इन कीव्ह’ नावाचे चेर्नोबिलवरचे गाणे आहे. एप्रिल १९८६ मध्ये अणुभट्टी फुटली आणि पाचच दिवसांनी जवळच्या कीव्हमध्ये मे दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. पायाखाली काय चालले आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांचे गाणे सरळ आठ मात्रांत बसवले असते, तर ते खोटे वाटले असते. मामेभावाला एवढेच सांगेन की, वॉचटॉवरचा आधीचा गायक जेसन मॅकमास्टर याच्या डेंजरस टॉईज या बँडचा पहिला अल्बमही १९८९ चाच आहे आणि खपला तो तोच. म्हणून तो अधिक चांगला ठरत नाही.

तेव्हा शास्त्र लागत नाही, उलट ते आडवे येते. मामा चुकले ते पहिल्याच ऐकण्यात मोजायला बसले म्हणून. आपण पहिले काही दिवस वॉचटॉवरचा बासवादक डग कायझर याचा बास धरून चालावे. गाण्याचा धागा बहुतेक वेळा त्याच्याकडे असतो.

अर्थात मामांच्या बाजूनेही पुरावा आहे. या बँडने आपल्या तिसऱ्या अल्बमचे नाव ‘मॅथेमॅटिक्स’ ठरवले होते आणि इतक्या वर्षांनी, २०१६ मध्ये, ‘कॉन्सेप्ट्स ऑफ मॅथ: बुक वन’ म्हणून त्यातून पाच गाणी बाहेर पडली. हे मी सांगलीत अजून कोणाला सांगितलेले नाही. शिवाय १९८९ च्या अल्बमवरचा गायक ॲलन टेक्चिओ याचा टिपेचा आवाज सर्वांना मानवत नाही आणि १९८५ च्या अल्बमचे ध्वनिमुद्रण कच्चे आहे, म्हणून सुरुवात त्याने करू नये.