वेशीवर उतरायचं

पोरी,

तुझं पत्र मिळालं. दहा दिवसांत भीमेचा सगळा काठ घोड्यावरून बघायचा तुझा बेत आहे. माझं ऐक, हत्तरसंग कुडल ते माचणूर एवढाच टप्पा धर.

कुडलला सीना भीमेला मिळते. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ. तिथून निघ.

मोठं उमदं जनावर मागू नकोस. भीमथडी तट्टू मिळालं तर बघ. बुटकं, काटक, याच काठाचं. धनगर अजून त्याच्यावर बिऱ्हाड लादतात. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट पडलेला मुक्काम, रानात बसलेला दिसला की लांबूनच उतर, नाहीतर मेंढरं उधळतील. मग विचार, पाणी कुठं आहे, लांडगा कुठं दिसला. त्यांच्याइतकं हे माळरान कुणाला ठाऊक नाही.

पावसाळ्यात येऊ नकोस, काळ्या रानात खूर रुततात. पौषात ये. पावसाच्या थेंबाविना, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर ज्वारी डोक्यावर गेलेली असते. जमिनीवरून फक्त ताटं दिसतात, घोड्यावरून कणसांचा समुद्र दिसतो. हुरडा तू खा. घोड्याला मात्र ज्वारीचे कोवळे फुटवे चरू देऊ नकोस, त्यात विष असतं.

नदीचं नीट लक्षात ठेव. उजनी धरणातून पाणी सोडलं की आभाळ कोरडं असतानाही भीमा चढते. आणि वाळू उपसून पात्रात खड्डे झालेत. लहानपणापासून ओलांडलेल्या उतारावर मी एकदा घोडी घातली, कुणाला न विचारता. दुसऱ्याच पावलाला तिचा तळ सुटला. पोहून निघाली बिचारी, पण पुढचा पाय मुरगळला तो तीन महिने. ते लंगडणं मी रोज बघत होतो. काठावर मासे धरणारा कोळी भेटेल, त्यानं हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस.

आणि गावाच्या वेशीवर खाली उतर. लगाम हातात धरून चालत आत जा. आषाढीच्या वारीत माउलींचा अश्व रिंगणात धावला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्यामुळे इकडची म्हातारी माणसं कुठल्याही घोड्याला हात जोडतात, भाकरीचा तुकडा घेऊन येतात. ते हात तू वर बसून घेऊ नयेस. घोड्यावर कुणी बसायचं आणि कुणी नाही, हेही गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं होतं. पुढं चोखोबांचं मंगळवेढं आहे, तिथं जाशील तेव्हा हे आठव. पायी आलेल्या माणसाला ओसरीवर बस म्हणतात. जात्याच्या ओव्या, पुरात वाहून गेलेल्या बैलाची गोष्ट, सगळं त्या ओसरीवर मिळेल.

माचणूरला सिद्धेश्वराच्या घाटावर पोहोचलीस की आधी खोगीर काढ, पाठ चोळ, घाम वाळू दे, मग थोडं थोडं पाणी पाज. तुझं जेवण त्यानंतर.

निघायच्या आठ दिवस आधी कळव. नालबंदाला बोलावून ठेवतो.