संस्था किती तग धरेल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संकटात तग धरण्याची संस्थेची क्षमता (रेझिलियन्स) म्हणजे प्रमाणपत्र, विमा की गुणपत्रक, हा गोंधळ पत्रांतून थांबायला तयार नाही. म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न : आमच्याकडे आयएसओ २२३०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र आहे. मग काळजी मिटली ना?

नाही. ते मानक खंड पडल्यावर ठरलेली कामं ठरलेल्या वेळात पुन्हा सुरू करण्याच्या व्यवस्थेचं आहे. संपूर्ण संस्थेच्या रेझिलियन्सबद्दलचं आयएसओ २२३१६ हे २०१७ मध्ये आलं, पण ते निव्वळ मार्गदर्शक आहे. त्याचं ‘सर्टिफिकेट’ विकायला कोणी आलं, तर चहासुद्धा विचारू नका.

प्रश्न : विमा पुरेसा नाही का?

नाही. नुकसानीचे पैसे मिळतील, तुटलेला ग्राहक परत मिळणार नाही. पॉलिसीतले अपवाद सल्लागाराकडून समजून घ्या.

प्रश्न : एका एजन्सीच्या ऑनलाइन प्रश्नावलीत आम्हाला १०० पैकी ८२ गुण पडले. संचालकांना दाखवू का?

आधी सांगा, ती भरली कोणी? बहुधा विभागप्रमुखांनी, जेवणाच्या सुट्टीत. ‘आमच्याकडे आपत्कालीन आराखडा आहे’ यापुढे ‘पूर्ण सहमत’ निवडायला काय लागतं? आणि पुढच्या वर्षी ९० करून देणारं पॅकेज त्याच एजन्सीकडे तयार असतं!

मी एखाद्या संस्थेत गेलो की आधी आपत्काळातली संपर्क-यादी मागतो आणि समोर बसून फोन लावायला लावतो. एका ठिकाणी बारांपैकी पाचच लागले. सर्व्हर रूमची किल्ली ज्याच्या नावावर होती, तो नोकरी सोडून गेलेला. गुण मात्र झकास होते.

मोजायचंच तर काम पुन्हा सुरू करायला कागदावर लिहिलेला वेळ आणि सरावात लागलेला वेळ यांतलं अंतर मोजा. कागदावर चार तास आणि प्रत्यक्षात अकरा, तर संचालकांना तो सात तासांचा फरक दाखवा. बॅकअप ‘घेतो’ म्हणू नका. त्यातून माहिती परत आणून (रिस्टोअर करून) शेवटची कधी पाहिली, ती तारीख सांगा. रेझिलियन्सचे अभ्यासक एरिक होल्नागेल यांनी तग धरायला लागणाऱ्या चार क्षमता मांडल्या आहेत : प्रतिसाद देणं, लक्ष ठेवणं, शिकणं आणि पुढचं ओळखणं. त्यांवरचे प्रश्न व्यवस्थापकाला आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला वेगवेगळे विचारा. उत्तरं जुळली नाहीत, तर दुखणं तिथेच आहे. प्रश्न तयार करताना मात्र जाणकार सोबत घ्या, आणि तो काही विकणारा नसावा.

प्रश्न : एकच पुरवठादार म्हणजे धोकाच, असं ऐकलंय.

ऐकीव गोष्ट अर्धीच खरी. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा वाल्व जवळजवळ सगळा तिथेच बनायचा, त्यामुळे गाड्यांचं उत्पादन थांबलं. पण काही दिवसांतच ते पुन्हा सुरू झालं, कारण इतर अनेक कंपन्यांनी, अगदी शिलाई यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनेही, तो भाग करून दिला. तेव्हा पुरवठादार नुसते मोजू नका. दुसराही कच्चा माल पहिल्याच्याच ठिकाणाहून आणत असेल, तर तो दुसरा नव्हेच. करार बदलण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : सराव वर्षअखेरीस घेतला तर चालेल?

संपर्क-यादीतले फोन आजच लावून पाहा. चालू यंत्रणा बंद करून घ्यायचा सराव मात्र तांत्रिक माणसाशी बोलल्याशिवाय नको.