वडोदऱ्यात पावसाळ्याचे तीन महिने गाडी उभीच राहणार आहे. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू करणे पुरेसे आहे का?

नाही, तेवढ्याने नुकसानच अधिक होते. कारण स्टार्टरने खेचलेला करंट पाच मिनिटांत पुरेसा भरून निघत नाही आणि सायलेन्सर नीट न तापल्याने आत साठलेले पाणी त्याला गंज चढवते. घरचे कोणी दर पंधरवड्याला अर्धा तास गाडी फिरवून आणणार असेल तर उत्तम, अन्यथा बॅटरीची काळी, म्हणजे ऋण तार काढून ठेवावी. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत पावसाळ्यानंतर जाम झालेली मागची चाके दरवर्षी दिसतात, म्हणून आग्रहाने सांगतो, हँडब्रेक ओढून ठेवू नये. दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. त्याऐवजी पहिला गिअर टाकून चाकांना पुढून-मागून विटा लावाव्यात. मात्र गाडी ऑटोमॅटिक असल्यास आधी तिची पुस्तिका पाहावी.