वाचकांचे प्रश्न : मेळाव्यातला चित्रांचा स्टॉल

प्रश्न : जळगावात एका कॉलेजच्या हॉलमध्ये एप्रिलमध्ये ॲनिमे-कॉमिक्सवाल्यांचा एक दिवसाचा मेळावा आहे. पहिल्यांदाच प्रिंट, स्टिकर आणि बॅज घेऊन बसणार आहे. किती माल छापू, भाव काय ठेवू? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : डिझाइन करायच्या आधी छापखान्यात जाऊन मशीनवर कोणती शीट चालते ते विचारा. बऱ्याच डिजिटल प्रेसवर १२ × १८ इंची शीट असते आणि पैसे शीटवर मोजले जातात. इथेच नवखे फसतात. ए-५ (१४८ × २१० मिमी) आकाराला चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं की दोन प्रिंट शेजारी ठेवल्यावर रुंदी ३०८ मिमी होते आणि शीट असते ३०५ मिमीची. चारऐवजी दोनच बसतात, प्रिंटचा खर्च दुप्पट. त्याऐवजी ५.५ × ८ इंच धरा, ब्लीडसकट चार आरामात बसतात. पोस्टकार्डाचंही तसंच. ४ × ६ इंच ब्लीडसकट एकाच दिशेने मांडली तर चारच येतात, पण ३.५ × ५.५ केलं की नऊ.

म्हणून मोठे प्रिंट चारच्या पटीत आणि पोस्टकार्डं नऊच्या पटीत छापा. पहिल्या खेपेला आठ डिझाइनचे प्रत्येकी चार प्रिंट पुरे. एकाच चित्राच्या पन्नास प्रती स्वस्त पडतात खऱ्या, पण उरलेल्या घरीच पडून राहतात. कागद ३०० जीएसएमचं (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्ड, म्हणजे जाड गुळगुळीत कागद. फाइल ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) हवी. स्क्रीनवरचा भडक हिरवा आणि गुलाबी छपाईत मळका येतो, गडद चित्र आणखी गडद होतं. तेव्हा एक शीट प्रूफ (नमुना) काढून ती उन्हात नेऊन बघा आणि मगच बाकीची ऑर्डर द्या.

बॅजची चूक वेगळी. ५८ मिमीच्या बॅजला साधारण ७० मिमीचा गोल कापावा लागतो, कडेचा भाग मागे दुमडला जातो. चेहरा आणि अक्षरं मधल्या ५० मिमीत ठेवा, नाहीतर नावाचं पहिलं अक्षर पत्र्यामागे जातं. कागद १०० जीएसएमच्या आसपासच हवा. आर्ट कार्ड घातलं की मशीन अडतं.

आता भाव. समजा भाडं १५०० आणि प्रवास-जेवण ५००, म्हणजे २००० रुपये आधी वसूल व्हायला हवेत. प्रिंट २०ला पडून ८०ला गेला तर ६० सुटतात, बॅज १२ला पडून ४०ला गेला तर २८, स्टिकर ५ला पडून २०ला गेला तर १५. १५ प्रिंट, २० बॅज आणि ३६ स्टिकर गेले की बरोबर २००० होतात. ७१ नग! एवढी गर्दी येणार आहे का, हे आयोजकांना आधीच विचारा. मागच्या वर्षी किती तिकिटं गेली हा प्रश्न विचारायला लाजू नका. इथला ग्राहक बहुतेक कॉलेजचा, खिशात शंभर-दोनशे घेऊन आलेला. ५०० रुपयांचं पोस्टर टेबलावर शोभेला एखादं असू द्या, त्याच्या भरवशावर बसू नका.

प्रश्न : लॅमिनेशन केलेले प्रिंट दुपारपर्यंत पापडासारखे वळले. कागद वाईट होता का? – एक वाचक, धुळे

उत्तर : कागदाचा दोष नाही. लॅमिनेशन एकाच बाजूला असेल तर ती बाजू बंद होते आणि उघडी बाजू हवेतला ओलावा घेते-सोडते. खानदेशातल्या कोरड्या उन्हात उघडी बाजू आकसते आणि प्रिंट तिच्याकडे वळतो. हॉलमध्ये मोठे कूलर सुरू झाले की तीच बाजू फुगते आणि प्रिंट उलटा वळतो. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करा, किंवा अजिबात करू नका आणि मागे पुठ्ठा घालून पारदर्शक पाकिटात ठेवा. जागा निवडता आली तर कूलरच्या तोंडासमोरची नको. प्रिंट टांगायची मागची जाळी टेबलाच्या पायांना सुतळीने बांधा आणि प्रत्येक प्रिंट खालूनही क्लिपने धरा.

स्टिकरचे गठ्ठे गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापलं की गोंद कडेने बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि कड काळी होते.

प्रश्न : दुसऱ्यांच्या पात्रांची चित्रं विकली तर चालतं का? – एक वाचक, शहादा

उत्तर : १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा हक्क मूळ मालकाचा आहे. स्वतःसाठी काढणं निराळं, विक्री निराळी. ‘सगळेच विकतात’ हा बचाव नाही. मूळ लोगो आणि मालिकेतून उचललेली फ्रेम तर टेबलावर आणूच नका; आयोजकही तेच आधी हटवायला लावतात.

स्वतःचं काढलेलं इथे चांगलं खपतं, याकडे मात्र दुर्लक्ष होतं. ‘काय करी ऱ्हायना?’ म्हणणारी मांजर, वांगं भाजणारा राक्षस, खापरावर मांडे टाकणारी चेटकीण अशा चित्राशी अहिराणी बोलणारं पोरगं थबकतंच, सोबतची आईसुद्धा. बहिणाबाईंच्या ओळीही वापरता येतील. त्यांच्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि मरणोत्तर प्रकाशनाला असलेली ६० वर्षांची मुदत संपली आहे. दुसऱ्या कुणी काढलेलं त्यांचं चित्र मात्र उचलू नका.

प्रश्न : सुरत किंवा इंदूरच्या मेळाव्याला जाताना जीएसटी लागतो का? – तेच वाचक

उत्तर : राज्यातल्या राज्यात मालविक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. राज्याबाहेर तात्पुरता स्टॉल टाकताना मात्र वेगळी नोंदणी लागू शकते. भाडं भरण्याआधीच सीएला विचारा.

प्रश्न : यूपीआयवर भागतं का, की सुटे ठेवायचे? – एक वाचक, चोपडा

उत्तर : दोन्ही. पत्र्याच्या किंवा जाड भिंतीच्या हॉलमध्ये गर्दी झाली की नेटवर्क बसतं. दहा-वीसच्या नोटांत हजारभर रुपये ठेवा आणि भाव दहाच्या पटीतच लावा. ग्राहकाने दाखवलेल्या हिरव्या टिकवर माल देऊ नका, तशी खोटी स्क्रीन दाखवणारी ॲपं आहेत. पैसे आपल्या फोनवर आलेले दिसले की मगच पाकीट हातात द्या. क्यूआरची दुसरी प्रत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लावा, म्हणजे चार जण एकदम आले तरी एकाच कोपऱ्यात खोळंबणार नाहीत. पॉवर बँक सकाळीच भरून न्या. हॉलमधला प्लग बहुधा कूलरने अडवलेला असतो.