लॅव्हेंडरचं तेल थेट त्वचेला लावलं तर चालतं का? अरोमाथेरपीची सुरुवात कशी करू?

तुम्ही विचारलंय की घरी अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांचे उपचार, सुरू करायची आहे, घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, तर कोणती तेलं घ्यावीत. आणि जाता जाता लिहिलंय, ‘लॅव्हेंडर थेट लावलं तरी चालतं असं ऐकलंय.’ त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. नाही चालत.

मला झोप लागत नव्हती त्या दिवसांत माझ्या नणंदेनं स्वतःची, आधीच उघडलेली 30 मिलीची बाटली आणून दिली. रोज रात्री दोन थेंब कानशिलांना, दोन मनगटांना. झोप सुधारली, हे खोटं सांगणार नाही. बाटली खिडकीत ठेवलेली असायची, उन्हात. चौथ्या महिन्यात डाव्या मनगटाला खाज सुटली, मग मोहरीएवढे पाण्यानं भरलेले फोड आले. वन्संना फोन केला. म्हणाल्या, “चांगलं लक्षण आहे, आतलं विष बाहेर पडतंय. बंद करू नकोस.”

मी ऐकलं. आणखी नऊ दिवस लावत राहिले. दहाव्या दिवशी सकाळी उजवा डोळा उघडेना.

त्वचारोगतज्ज्ञांनी ॲलर्जी कशाची ते शोधायला पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या, प्रत्येक चौकोनात एक वेगळा पदार्थ. दोन दिवस अंघोळ नाही, मग पट्ट्या काढून एकदा तपासणी, दोन दिवसांनी पुन्हा. एका चौकोनाखालची कातडी लालभडक, टरारून फुगलेली. त्या चौकोनात लिनालूल होतं, हवेनं बिघडलेलं. लॅव्हेंडरमध्ये हा घटक भरपूर असतो. बाटली वारंवार उघडली की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. घरी आल्यावर ती बाटली नीट पाहिली तर झाकणाच्या आट्यांत पिवळट, चिकट थर साचला होता आणि वासातला मऊपणा जाऊन उग्रपणा आला होता. पाच महिने ते नाकाखाली असून मला कळलं नव्हतं.

अशी ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. आता साबण, शाम्पू, क्रीम, प्रत्येकाच्या मागची बारीक अक्षरं वाचूनच घ्यावं लागतं, कारण लिनालूल खूपशा सुगंधी वस्तूंत असतं. तेव्हा कुणी पुरळाला ‘विष बाहेर पडणं’ म्हणालं तर त्या माणसाचा सल्ला तिथेच थांबवा. पुरळ म्हणजे त्वचा नको म्हणतेय. तेल बंद.

वन्सं अजूनही गॅटफॉसेचा दाखला देतात: फ्रेंच रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळेत भाजला, हात लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि बरा झाला. गोष्ट अशी नाही. 1910 साली तो भाजला हे खरं. पण 1937 च्या पुस्तकात त्यानं स्वतः लिहिलंय ते असं की जखमांत गॅस गँगरीन (मांस सडवणारा जंतुसंसर्ग) पसरायला लागलं आणि लॅव्हेंडरच्या अर्कानं धुतल्यावर ते थांबलं. भांडं नाही, बुडवणं नाही. आणि एका माणसाच्या गँगरीनवरून रोज रात्री निरोगी कानशिलांना शुद्ध अर्क चोळायचा, हा कुठला न्याय?

आता तुमचं. पुढे कधी त्वचेला लावायचं झालं तर 10 मिली बेस तेलात, म्हणजे खोबरेल किंवा बदामासारख्या साध्या तेलात, दोन थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. सुरुवातीला याहून जास्त थेंब घालू नका. हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा. अंघोळीच्या पाण्यात थेंब टाकू नका, ते पाण्यात मिसळत नाहीत, तरंगून जसेच्या तसे अंगाला लागतात. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं. ‘थेरप्युटिक ग्रेड’ (औषधी दर्जा) हे विकणाऱ्यांनी काढलेलं बिरुद आहे, असं कुठलंही अधिकृत प्रमाण नाही. लहान आणि गडद काचेची बाटली घ्या, उघडल्याची तारीख लिहून ठेवा, वर्षभरानंतर त्वचेला लावू नका. बर्गमॉट (संत्र्या-लिंबाच्या जातीचं एक फळ) किंवा दाबून काढलेलं लिंबाचं तेल अंगाला लागलं असेल तर बारा तास उन्हात जाऊ नका, डाग पडतात.

खरं तर मुलाचं आधी लिहायला हवं होतं. निलगिरी, कापूर, पुदिना त्याच्या नाकातोंडाजवळ नकोतच. निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला फिट येऊ शकते. बाटल्या कुलपात ठेवा. चुकून प्यायलाच तर ओकारी काढायला लावू नका, तेल फुप्फुसात जातं. बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठा. घरात मांजर असेल तर टी ट्रीचं तेल आणूच नका. दमा, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोणती तेलं? एकच. गोड संत्र्याचं घ्या, डिफ्यूझरमध्ये (तेलाचा सुगंध हवेत पसरवणारं उपकरण) तीन थेंब, खिडकी उघडी, अर्धा तास, मूल दुसऱ्या खोलीत. महिनाभर एवढंच करा. त्वचेचं नंतर बघू.