जुन्या जीपसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: साताऱ्याजवळच्या गावात राहतो. वडील गेले, त्यांची १९९४ची महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर, गोठ्यालगत बरीच वर्षं उभी आहे. पत्रा गंजलाय, गिअरबॉक्स जाम आहे. गॅरेजवाल्याने साडेचार लाख सांगितले. तीन लाखांची एफडी मोडायची, बाकीच्यासाठी सोनं तारण ठेवायचं आणि सीझनला कासला पर्यटक फिरवून पैसे वसूल करायचे, असा विचार आहे. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला आहे.

उत्तर: आधी वसुलीचं बोलू. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने फिरवता येत नाही; त्याला परवाना आणि वेगळा विमा लागतो. भाडं घेऊन जाताना अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाईचा बोजा तुमच्या जमिनीपर्यंत येऊ शकतो. शिवाय कासचा फुलांचा बहर जेमतेम काही आठवड्यांचा. हे उत्पन्न गणितातून काढून टाका. मग उरते ती हौस. हौसेला माझा विरोध नाही, हौसेपायी सोनं तारण ठेवायला आहे.

साडेचार लाखांवरही माझा भरवसा नाही. गाडी खोलल्याशिवाय गंजाचा अंदाज कोणीच देऊ शकत नाही. गोठ्याची ओल, वर आपल्याकडचा पाऊस. पत्र्याला पत्रा जुळतो तिथे कूज आतून लागते. म्हणून सध्या फक्त बॉडी उतरवून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तपासण्याचे पैसे द्या. हातोडीने ठोकून बघायला सांगा, बद्द आवाज आला तिथला पत्रा गेलेला. चासी नंबर वाचता येत नसेल तर आरटीओच्या परवानगीने तो पुन्हा पंच करून घ्यावा लागेल. तोवर रंगावर एक रुपया घालू नका. (लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग आधी मारला की गिऱ्हाईक खुशीत पुढचे पैसे देतं, हे गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक असतं.)

कागदांचं म्हणाल तर आरसी वारस म्हणून तुमच्या नावावर हवी. वीस वर्षांपुढच्या मोटारीला नोंदणी नूतनीकरणाची फी आता १०,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर. इंजिन २,११२ सीसीचं, म्हणजे थर्ड पार्टी विमा वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी. गाडी रस्त्यावर आणायची तर हा खर्च आहेच.

एफडी मुलीच्या प्रवेशासाठी राहू द्या. दरमहा झेपेल तेवढी आरडी सुरू करा आणि साठतील तसं एकेक काम काढा: चासी, मग गिअरबॉक्स, शेवटी रंग. तीन-चार वर्षं लागतील, लागू देत. चासीच कुजलेली निघाली तर मात्र थांबा. इंजिन, ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), एक्सल सुटे विकले जातात. पण नोंदणी रद्द झाल्याशिवाय गाडी भंगारवाल्याच्या ताब्यात देऊ नका.